आक्काची ओवाळणी

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा, वाचकहो, तुमच्या घरी चकल्यांचा शेवटचा घाणा उतरत असेल आणि मी जालन्याहून अंबडमार्गे तीर्थपुरीला जाणाऱ्या एसटीत खिडकीपाशी बसलेला असेन. दर भाऊबीजेला मी असाच जातो. मांडीवरच्या पिशवीत थोरल्या बहिणीसाठी साडी असते. यंदा साडी नाही; एक लांबट पाकीट आहे. त्या पाकिटापायी गेले तीन महिने आमच्या घरात जी धांदल उडाली, तिची हकीकत आज सांगायची आहे.

आमची आक्का ७२ वर्षांची. चौतीस वर्षे तिने जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरे शिकवली, आणि वडील लवकर गेल्यामुळे त्या पोरांत मीही धरायला हवा. माझ्या कॉलेजची फी तिच्या पगारातून गेली, हे मी विसरलो तरी माझी पत्नी विसरू देत नाही. तीर्थपुरी म्हणजे घनसावंगी तालुक्यातले, गोदेच्या खोऱ्यातले गाव. समर्थांचे जांब याच तालुक्यातले. भोवती कापूस, ऊस, मोसंबी. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याच्या या मुलखात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागली. अशा ठिकाणी जन्म काढलेल्या आक्काने समुद्र कधी पाहिला नव्हता. पण देवमासा मात्र ती दर वर्षी काढी. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खडू ओढून झाला की म्हणे, "मुलांनो, एवढं डोकंच झालं. पोट शेजारच्या वर्गात आहे आणि शेपूट मैदानात!" हिशेब चुकीचा नव्हता. निळा देवमासा तीस मीटरपर्यंत वाढतो. शाळेच्या तीन खोल्या त्याला पुरल्या नसत्या.

पुढे २०२३ ची दिवाळी आली. गणपतीपुळ्याच्या वाळूत तीसेक फुटांचे एक पिल्लू येऊन अडकले होते, ते तुम्हीही दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिले असेल. गावकरी, कोळी, सरकारी माणसे, सहलीला आलेली मंडळी, सगळ्यांनी त्याच्या अंगावर ओली फडकी टाकली, पाणी मारले. चाळीसएक तास झटून त्याला खोल पाण्यात नेऊन सोडले. आक्काने देवापुढे दिवा लावला. पण पिल्लू परत किनाऱ्याला आले आणि गेले. त्या वर्षी ओवाळताना तिने तबकात घातलेली साडी उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "आयुष्यभर मी तो न बघताच काढला, आणि दिसला तो असा मरताना. मला एकदा जिवंत दाखव. बाकी काही नको."

आपण थोरल्या माणसांना 'हो' म्हणतो तसे मी 'हो' म्हणालो. पुढच्या वर्षी पुन्हा साडीच नेली, पैठणी. तिने घडी मोडली नाही. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता, दुसऱ्याचा पिकत होता, गुडघे कुरकुरत होते. ती शांतपणे म्हणाली, "अजून दोन वर्षांनी नेणार असशील तर असं कर. तू बघ आणि मला येऊन सांग." यावर बोलण्यासारखे काही उरले नाही.

आता देवमासा दाखवायचा म्हणजे कोणत्या बोटीने? आमच्या चिरंजीवांनी दहा मिनिटांत उत्तर काढले. मुंबईहून सुटणारे मोठे आरामाचे जहाज: वर पोहण्याचा तलाव, खाली नाटकगृह, दिवसातून पाच वेळा खाणे. मलाही ते पटले होते. श्रावणात सगळी कागदपत्रे घेऊन आम्ही तीर्थपुरीला गेलो आणि ढाळजेत बैठक भरली. आक्काने चष्मा सारखा केला आणि इन्स्पेक्टर शाळा तपासतो तसे विचारले, "हे जहाज देवमासा दिसला की थांबतं का?" चिरंजीव गप्प. थांबत नाही. त्याला ठरल्या वेळी ठरल्या बंदरात जायचे असते. "आणि समुद्रात पोहण्याचा तलाव कशाला? समुद्र कमी पडला का?" पहिला कागद बाजूला झाला. खरे सांगायचे तर अशा जहाजावरून देवमासा दिसला तर तो योगायोग. मोठ्या जहाजाची धडक बसून देवमासे मरतात, हे मात्र योगायोगापेक्षा पुष्कळ जास्त वेळा घडते.

दुसरा कागद माझा. परदेशी जायचेच कशाला? आपला कोकण आहे! २०१५ मध्ये सिंधुदुर्गात कुणकेश्वरच्या समोरच्या समुद्रात संशोधकांना निळ्या देवमाशाची मादी आणि तिचे पिल्लू दिसले होते. त्याहून नवल लुबानचे. २०१७ च्या नोव्हेंबरात ओमानच्या किनाऱ्यापाशी एका हम्पबॅक जातीच्या मादीच्या पाठीवर उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारे छोटे यंत्र बसवले गेले. तिचे नाव लुबान, म्हणजे आपला ऊद. ती सरळ अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली, कन्याकुमारीकडे उतरली आणि पुन्हा ओमानला गेली. तिच्या जातीचे या समुद्रात शंभरसुद्धा उरले नसावेत असा अंदाज आहे. आक्काने हे दोनदा वाचायला लावले. "माहेरपणाला येऊन गेली म्हणायची," ती म्हणाली.

पण माहेरवाशीण कोणत्या दिवशी कोणत्या वाटेने येईल, हे कोकणातला कुठला तांडेल सांगणार? मुरूड-हर्णै, गुहागर, तारकर्ली, गोवा इथल्या होड्या दाखवतात ते डॉल्फिन. तेही देवमाशाच्याच गोतावळ्यातले, फुप्फुसाने श्वास घेणारे, पिलांना दूध पाजणारे. पण आक्काला हवा तो नव्हे. तो कागद मात्र तिने फेकला नाही, उशाखाली ठेवला. का, ते पुढे येईल.

मग चिरंजीव जगभर फिरले. न्यूझीलंडात कायकौरा नावाचे गाव आहे, तिथे स्पर्म जातीचे देवमासे बाराही महिने दिसतात. दक्षिण आफ्रिकेत हर्मानस गावी तर बोटच लागत नाही. जून ते नोव्हेंबर राइट जातीचे देवमासे किनाऱ्याजवळ येतात आणि गावाने १९९२ पासून एक माणूसच नेमला आहे. देवमासा दिसला की तो समुद्रशेवाळाचे शिंग फुंकून गावाला सांगतो. "म्हणजे दवंडीवाला!" आक्का खूश झाली. काठावर बसून पाहायचे हे तिच्या गुडघ्यांना सर्वांत सोयीचे होते. पण तिकिटाचा आकडा पाहताच तिने स्वतःच कागद उलटा केला. मी "बघू, जमवू" म्हणालो. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मला माझी कॉलेजची फी आठवली.

उरली श्रीलंका. तिच्या दक्षिण टोकाला मिरिस्सा नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. तिथे किनारा सोडला की समुद्राचा तळ थोड्याच अंतरावर एकदम खोल जातो, त्यामुळे निळे देवमासे काठापासून फार दूर नसतात. नोव्हेंबर ते एप्रिल समुद्र शांत असतो. सकाळी साडेसहाच्या सुमारास बोटी सुटतात आणि चार-पाच तासांत परततात. इतर निळे देवमासे चरायला ध्रुवाकडच्या थंड पाण्यात जातात. हे मात्र इथल्या उबदार पाण्यातच चरतात. खातात काय? श्रीलंकेच्या आशा डी व्हॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले, की त्यांचे मुख्य अन्न म्हणजे आपल्या बाजारात वाळवून मिळणाऱ्या जवळ्याच्याच कुळातली बारीक कोळंबी. आक्का हसून लोटपोट. तिमिंगिल म्हणजे 'तिमी' या प्रचंड माशालाही गिळणारा, असे तिने पोरांना शिकवले होते. आणि हा गृहस्थ सुक्या जवळ्यावर जगणारा!

आता सगळे जमले असे वाटले, तोच चिरंजीवांनी मिरिस्साची एक फिल्म दाखवली. एका देवमाशाभोवती आठ-दहा बोटी. तो वर आला की सगळ्या त्याच्या अंगावर धावताहेत, तो बुडाला की पुढच्या जागी धावताहेत. आक्काचा चेहरा उतरला.

"आपल्याकडं व्यालेल्या गाईपाशी गर्दी करू देत नाहीत," ती म्हणाली. "मी त्याला बघायला निघाले, छळायला नव्हे. असंच असेल तर मला नाही जायचं."

बैठक तिथेच मोडली. त्या रात्री माळवदावर पडल्या पडल्या मला झोप लागेना. वर्षानुवर्षे चालढकल केली आणि शेवटी नेण्याची तयारी झाली, तर तीच नको म्हणते. पण ती म्हणत होती ते खोटे नव्हते. बोट निवडताना आम्ही सोय पाहिली, भाडे पाहिले, खाणे पाहिले. ज्याच्या दारात जायचे त्याला काय चालेल, हे फक्त तिने विचारले.

सकाळी मी चिरंजीवांना पुन्हा कामाला लावले. यानंतर आम्ही जी पत्रे धाडली त्यांत चारच प्रश्न होते, आणि तुमच्यापैकी कुणाला असा बेत करायचा असेल तर तेच विचारा. देवमाशापासून तुम्ही किती दूर राहता? शंभर मीटर हा पुष्कळ देशांत पाळायचा नियम. तो वर आल्यावर इंजिन मंद करता की जवळ धावता? मादी आणि पिल्लू यांच्या मधे कधी जाता का? आणि आधीच तीन-चार बोटी असतील तर लांब थांबता की घुसता? एका बोटवाल्याने "देवमासा शंभर टक्के दाखवू" असे उत्तर धाडले. आक्काने त्याचे नाव पहिल्यांदा खोडले. "शंभर टक्के निकालाची हमी देणारी शाळा मी कधी खरी मानली नाही," ती म्हणाली. दुसऱ्याने लिहिले: आम्ही लांब थांबतो, म्हणून कधी कधी नीट दिसत नाही; मुळीच दिसला नाही तर दुसऱ्या दिवशी फुकट नेतो. आम्ही तो निवडला.

माणसे सुधारतात, हेही तिला सांगायला हवे होते. मिरिस्साच्या दक्षिणेला मोठ्या जहाजांची जगातली एक अतिशय गजबजलेली वाट आहे. २०२२ मध्ये एका बलाढ्य जहाज कंपनीने या देवमाशांसाठी आपली जहाजे अधिक दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. "एवढी मोठी जहाजं बाजूला होतात, मग आपली होडी का नाही होणार?" मी म्हणालो. तिने मान हलवली.

बाकीचे ठरायला वेळ लागला नाही. पासपोर्टच्या चौकशीला आलेला पोलीस तिचाच विद्यार्थी निघाला. तो शेवटपर्यंत खुर्चीवर बसला नाही. दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. आणि उशाखालचा कोकणचा कागद? तो सरावासाठी. डिसेंबरात आधी मुरूड-हर्णैला दोन तासांची होडी. बोट लागते का, गुडघे टिकतात का, ते आपल्याच किनाऱ्यावर कळलेले बरे. बसायचे मधल्या भागात, खालच्या डेकवर, तिथे हेलकावा कमी. गोळी डॉक्टरांना विचारून आणि निघण्याआधी. मळमळू लागल्यावर घेऊन उपयोग नसतो. मग फेब्रुवारीत मिरिस्सा, लागोपाठ दोन सकाळी.

पाकिटात ती तिकिटे आहेत. मागच्या खेपेला मी हळूच विचारले होते, "आक्का, एवढं करून नाहीच दिसला तर?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तर तो त्याच्या घरी सुखरूप आहे असं समजू. मी आजवर न बघताच काढलाय. आणखी एकदा काढीन. पण समुद्र तर दिसेल?"

मग उठून कपाटातून तिने ती पैठणी काढली. "ही नेसणार आहे बोटीवर."

"बोटीवर पैठणी?"

"एवढ्या थोर माणसाच्या घरी जायचं, ते काय जुन्या लुगड्यानं?"

चिरंजीवांचा आग्रह फक्त न घसरणाऱ्या बुटांचा आहे. त्यावर तडजोड झाली आहे. देवमासा दिसला तर मार्चमध्ये याच सदरात कळवीन. आणि न दिसला, तरी कळवीन.