मन मोठं करायचं कुणी? 'ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट'ची फूट, समेट आणि आपण

गेल्या भीमजयंतीला आमच्या हातून एक चूक झाली. ती आधी कबूल करतो आणि मग मुद्द्यावर येतो.

आम्ही ज्या वस्तीत काम करतो, तिथे चौघांचा एक रॅप ग्रुप आहे. तीन मुलगे आणि एक मुलगी. गाणी बहुतेक ती मुलगी लिहिते, एक जण मोबाइलवर संगीत बसवतो आणि दोघे मंचावर म्हणतात. चॅनल चालू लागला, कार्यक्रमांची बोलावणी येऊ लागली आणि पोस्टरवर मंचावरच्या दोघांचेच चेहरे झळकू लागले. गाण्याखाली लिहिणारीचे नाव नाही. मानधन किती आले, हे विचारायची सोय नाही. चॅनलचा पासवर्ड एकाच्याच ताब्यात. ग्रुप फुटला. वस्तीतल्या ज्येष्ठांनी बैठक घेतली आणि त्या बैठकीत आम्हीही होतो. सगळ्यांनी एकच पालुपद लावले : समाजासाठी एक व्हा, मन मोठं करा. जयंतीच्या मंचावर चौघांनी गळाभेट घेतली, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. त्यानंतर तीन महिने झाले तरी एक नवे गाणे आले नाही. कारण विचारले तेव्हा ती मुलगी म्हणाली, "ताई, हात मिळवला, पण पासवर्ड अजून त्याच्याकडंच आहे."

या एका वाक्याने आम्हाला विचार करायला भाग पाडले. आपण एकी म्हणतो ती नेमकी कशाची? आणि 'मन मोठं कर' हे दर वेळी ज्याच्या वाट्याला कमी आले त्यालाच का सांगितले जाते?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला एक हिप-हॉप गट उपयोगी पडला. कुणी म्हणेल, अमेरिकेतल्या पोरांच्या भांडणाशी आपला काय संबंध? संबंध जुना आहे. बाबासाहेब 1913 ते 1916 याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात शिकले. 1946 साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील निवेदनाची प्रत मागितली. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरवरून नाव घेऊनच. आपल्या वस्त्यांतली मुले आज जे रॅप म्हणतात, तेही न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांत 1970च्या दशकात जन्मले. तिथून आपण गाणे घेतले. तिथल्या भांडणांतून काही शिकायला हरकत नसावी.

'ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' हा गट 1985 साली सुरू झाला. क्यू-टिप आणि फायफ डॉग हे क्वीन्समधले बालपणापासूनचे सवंगडी. अली शहीद मुहम्मद हा ब्रुकलिनचा डीजे. चौथा जरोबी व्हाइट. 1990 साली पहिला अल्बम आला. 1991चा 'द लो एंड थिअरी' आणि 1993चा 'मिडनाइट मरॉडर्स' यांनी जॅझ आणि रॅप यांची सांगड घालून हिप-हॉपला एक नवी वाट दिली. क्यू-टिपचा मऊ, विचारी आवाज आणि फायफचा खणखणीत, थट्टेखोर आवाज हे त्या गटाचे दोन पाय होते. एक पाय काढला तर गट चालणार नाही, हे श्रोत्यांना कळत होते. गटात मात्र ते कुणी कागदावर मांडले नाही.

आता गाऱ्हाणी पाहू. जरोबी पहिल्या अल्बमनंतर पाककलेचे शिक्षण घ्यायला निघून गेला. फायफला 1990 साली टाइप वन मधुमेह असल्याचे कळले होते. पुढे तो अटलांटाला राहायला गेला आणि निर्णय न्यूयॉर्कमध्ये होत राहिले. 1996च्या 'बीट्स, ऱ्हाइम्स अँड लाइफ'मध्ये क्यू-टिपचा चुलतभाऊ कॉन्सिक्वेन्स अनेक गाण्यांत आला, संगीताची बाजू नव्या चमूकडे गेली आणि फायफला आपण बाजूला पडलो असे वाटू लागले. एक जण पुढचा गायक आणि बाकीचे मागचे साथीदार, अशी त्याची तक्रार होती.

पण दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. गटाचे बहुतेक संगीत क्यू-टिपने रचले आणि श्रेय मात्र गटाच्या नावावर गेले. म्हणजे एकाचा चेहरा झाकला गेला आणि दुसऱ्याचे श्रम झाकले गेले. दोघांचेही दुखणे खरे होते. 1998 साली शेवटचा म्हणून अल्बम आला आणि गट संपला.

यावर करमणूक पत्रकारितेने ठरलेली गोष्ट सांगितली : दोन मित्र, त्यांचे अहंकार, त्यांची भांडणे. या गोष्टीला आमचा आक्षेप आहे. शोषित समाजातले लोक भांडले की त्यांच्या स्वभावाकडे बोट दाखवायचे आणि ज्या व्यवस्थेत ते भांडतात तिच्याकडे पाहायचेच नाही, ही प्रस्थापितांची जुनी खोड आहे. पहिल्याच अल्बममधले एक गाजलेले गाणे लू रीड या गोऱ्या गायकाच्या सुरावटीवर उभे होते. त्या गाण्यातून आपल्याला काहीच मिळाले नाही, असे फायफने पुढे मुलाखतीत सांगितले. विशीतल्या पोरांच्या हाती कंपनीचा अनेक अल्बमांचा करार, घामाचा पैसा कुणाकडे जातो याचा पत्ता नाही, आजारपण ज्याचे त्याने पाहायचे. अशा ठिकाणी माणूस कंपनीशी भांडू शकत नाही, म्हणून शेजारच्या मित्राशी भांडतो. आपल्याकडे भाऊ-भाऊ बांधावरून डोकी फोडतात आणि सावकार ओसरीवर बसून पाहतो, तसेच हे.

2006 साली गट पुन्हा एकत्र आला. कशासाठी? दौऱ्यांसाठी. जुनी गाणी, मोठी मैदाने, चांगले पैसे. पैसे मिळवण्यात गैर काही नाही, आणि फायफला तर उपचारासाठी त्यांची गरज होती. पण जुन्या दुखण्यांविषयी कुणी चकार शब्द काढला नाही. परिणाम काय झाला तो मायकल रॅपपोर्ट यांच्या 2011च्या माहितीपटात दिसतो. 2008च्या 'रॉक द बेल्स' दौऱ्यात मंचावर एकत्र गाणारे हे मित्र मंचामागे एकमेकांच्या अंगावर जात होते. त्याच वर्षी पत्नीने दिलेल्या मूत्रपिंडामुळे फायफला आयुष्य मिळाले. माहितीपटाचा सनडान्स महोत्सवात पहिला खेळ झाला, तेव्हा चौघांपैकी एकटा फायफ हजर होता. एकत्र येऊन पाच वर्षे झाली होती आणि नवे गाणे एकही नव्हते. आमच्या जयंतीच्या मंचासारखेच.

खरा समेट नंतर झाला. 13 नोव्हेंबर 2015 रोजी पहिल्या अल्बमच्या पंचविशीनिमित्त ते जिमी फॅलनच्या कार्यक्रमात गायले. त्याच रात्री पॅरिसमध्ये हल्ले झाल्याची बातमी होती. त्यानंतर त्यांनी नवा अल्बम करायचे ठरवले. ही पंचविशीही बाजाराचाच सोहळा होता, हे खरे. पण या वेळी सोहळ्याच्या पुढे काम ठेवले गेले, आणि ते काम कसे झाले ते नीट पाहण्यासारखे आहे.

एक, न्यू जर्सीतल्या क्यू-टिपच्या घरच्या स्टुडिओत समोरासमोर बसूनच ध्वनिमुद्रण करायचे, ई-मेलवर फाइल पाठवून काम भागवायचे नाही, असा नियम झाला. डायलिसिसवर असलेला फायफ कॅलिफोर्नियातून देशाच्या दुसऱ्या टोकाला येत राहिला. दोन, जरोबी परतला आणि या वेळी त्याने स्वतः रॅप म्हटले. ज्या कॉन्सिक्वेन्सच्या येण्याने 1996 साली फायफ दुखावला होता, तोही याच कामात फायफसोबत होता. जुन्या वादातला माणूस हाकलून द्यावा लागला नाही, कारण फायफची स्वतःची जागा आता पक्की होती. तीन, अल्बमचे नाव फायफने सुचवले : 'वी गॉट इट फ्रॉम हिअर... थँक यू फॉर युअर सर्व्हिस'. बाकीच्यांना त्याचा नेमका अर्थ ठाऊक नव्हता. तो समजून घ्यायच्या आत, 22 मार्च 2016 रोजी, फायफ गेला. वय 45. नाव तेच ठेवले गेले.

आमच्या मते या सगळ्या कहाणीतली मोलाची गोष्ट हीच. ज्याची तक्रार होती की आपले चालत नाही, त्याचा शब्द त्याच्या माघारी, अर्थ न कळताही, राखला गेला. समेट म्हणतात तो असा दिसतो.

इथे दोन आक्षेप येतील. पहिला असा की मरण जवळ आले म्हणून सगळे शहाणे झाले. असेलही. पण मग प्रश्न आणखी टोकदार होतो. 1998 ते 2015 ही सतरा वर्षे कुणाची गेली? आजारी माणसाची गेली. भांडण लांबते तेव्हा दोन्ही बाजूंचे सारखे नुकसान होत नाही. ज्याच्याकडे वेळ, पैसा आणि तब्येत कमी, त्याचे जास्त होते. म्हणून 'मिटेल आपोआप' असे म्हणणारे तटस्थ नसतात. ते बलवानाच्या बाजूला असतात.

दुसरा आक्षेप असा की अखेर अल्बम मोठ्या कंपनीनेच काढला आणि तो अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला, म्हणजे बाजारच जिंकला. यावर उत्तर सोपे आहे. 1996चा अल्बमही पहिल्या क्रमांकावरच गेला होता, गट आतून फुटत असताना. तेव्हा पहिला क्रमांक हा एकीचा पुरावा नव्हता आणि आजही नाही. पुरावा कामात शोधायचा असतो. आणि समेट म्हणजे सगळे सगळीकडे हजर, असेही नाही. अली शहीद मुहम्मद त्या काळात दुसऱ्या कामात गुंतला होता आणि या अल्बममध्ये त्याचा वाटा फारसा नाही. त्यावरून कुणी त्याला फितूर ठरवले नाही. आपल्याकडे एका बैठकीला गैरहजर राहिलेल्याला काय काय ठरवतात, ते सांगायला नको.

अल्बम आला 11 नोव्हेंबर 2016 रोजी, ट्रम्प निवडून आल्यानंतर तिसऱ्या दिवशी. त्यातल्या एका गाण्याचे नाव 'वी द पीपल'. अमेरिकेच्या संविधानाचे हेच पहिले शब्द आणि 'आम्ही भारताचे लोक' ही आपल्या संविधानाची सुरुवात. कृष्णवर्णीय, मेक्सिकन, मुस्लिम, गरीब, समलिंगी या सगळ्यांना हाकलू पाहणाऱ्या मनोवृत्तीची त्या गाण्यात चिरफाड आहे. दुसऱ्याच रात्री त्यांनी ते दूरचित्रवाणीवर सादर केले. फायफचे कडवे आले तेव्हा त्याचे भलेमोठे चित्र मंचावर उलगडले आणि त्याचाच मुद्रित आवाज वाजला. त्याची ओळ दुसऱ्या कुणी म्हटली नाही. हुकूमशाही वृत्ती दारात उभी असताना या गटाकडे बोलायला गाणे होते, कारण वर्षभर आधी ते खोलीत बसले होते. संकट आल्यावर एकी करू म्हणणाऱ्यांनी हे लिहून ठेवावे.

आपल्या परंपरेत तर हा विचार अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे. कोसंबीच्या भिक्खूंचे भांडण आपल्याला ठाऊक आहे. भांड्यात उरलेल्या पाण्यावरून ते सुरू झाले, असे अट्ठकथा सांगते. भगवान बुद्धांनी समजावले, कुणी ऐकले नाही, तेव्हा ते अरण्यात निघून गेले. उपासकांनी दान बंद केल्यावर भिक्खू ताळ्यावर आले. पण विनयपिटक तिथे थांबत नाही. महावग्गात उपाली विचारतो : प्रकरणाची चौकशी न करता, मुळापर्यंत न जाता संघाने एकी केली तर ती धम्माला धरून आहे का? बुद्ध नाही म्हणतात. अशा एकीत शब्द असतो, अर्थ नसतो. मुळाशी जाऊन केलेल्या एकीत शब्द आणि अर्थ दोन्ही असतात. रिपब्लिकन ऐक्याचे किती सोहळे आपल्या पिढीने पाहिले? त्यातल्या किती ठिकाणी कुणी मुळापर्यंत गेले? उत्तर ज्याने त्याने द्यावे.

आम्ही आमच्यापुरते उत्तर दिले आहे. त्या चौघांना पुन्हा बोलावले. या वेळी मंचावर नाही, विहाराच्या मागच्या खोलीत. ज्येष्ठ नाहीत, मोबाइलचा कॅमेरा नाही. एक वही ठेवली. कोणत्या गाण्याचे शब्द कुणाचे, संगीत कुणाचे, मानधनाचा वाटा कसा, पासवर्ड किती जणांकडे, हे त्यांनीच त्यांच्या हाताने लिहायचे. दोन तास कडाक्याचे भांडण झाले. एक जण उठून गेला आणि अर्ध्या तासाने परत आला. मन मोठं करा असे आम्ही कुणालाही म्हटले नाही. वहीची अडीच पाने भरली आहेत, मानधनाचा मुद्दा अजून बाकी आहे. पण पासवर्ड आता चौघांकडे आहे आणि जुन्या सहा गाण्यांखाली त्या मुलीचे नाव लागले आहे.

पुढच्या जयंतीला ते मंचावर दिसतील की नाही, हे आम्ही विचारलेले नाही. आणि कार्यकर्त्यांनो, तुम्हीही आपापल्या वस्तीत विचारू नका. आधी वही आणा.

जय भीम!