आधी पाणी कुठे जाणार ते सांगा!

गावाकडे कुणाचं नवीन घर बघायला गेलं की यजमान दोन गोष्टी हमखास दाखवतात. एक देवघर आणि दुसरं बाथरूम. "या वहिनी, बाथरूम बघा आमचं!" मग आपण आत डोकवायचं. खाली-वर चकचकीत टाईल्स, एका भिंतीवर उड्या मारणारे डॉल्फिन, डोक्यावर शॉवर (टाकी जेमतेम चार फूट वर, त्यामुळे त्यातून धार नाही, आसवं गळतात) आणि कोपऱ्यात बादली-मग. "छानच झालंय हो!" असं म्हणून बाहेर यायचं, ही रीत. मीही पाळते. फक्त हल्ली जाताजाता एक आगाऊ प्रश्न विचारते : "पाणी कुठे जातं?"

उत्तर एकच असतं. खिडकीकडे बोट दाखवून, "तिकडं".

या 'तिकडं'शी माझं भांडण आहे. 'तिकडं' म्हणजे बोळातली उघडी गटार, नाहीतर शेजाऱ्याच्या गोठ्यामागचं डबकं, नाहीतर सरळ रस्ता. घरावर आठ-दहा लाख घातले, टाईल्स निवडायला तालुक्याला तीन फेऱ्या मारल्या, आणि पाण्याची वाट मात्र गवंड्याने शेवटच्या दिवशी भिंतीला भोक पाडून ठरवली! माझं म्हणणं एवढंच आहे की गावातल्या घराच्या नकाशात न्हाणीघर सगळ्यात शेवटी येतं, ते सगळ्यात आधी यायला हवं.

आता लगेच कुणीतरी म्हणेल, आपली जुनी न्हाणीच बरी होती. थांबा जरा. तिचं एक कौतुक मी करते. ती परसदारी असायची, घराच्या भिंतीपासून लांब. खाली खरबरीत दगड, बाजूला पाण्याचा हंडा तापवायची चूल नाहीतर बंब, आणि पाणी उताराने अळूत नाहीतर केळीच्या बुंध्यात. पाण्याची वाट आधी ठरायची आणि मग तिथे दगड बसायचा. गंमत म्हणजे प्लंबिंगच्या दुकानात आजही जमिनीतल्या जाळीखालच्या त्या वाटीला 'नहाणी ट्रॅप'च म्हणतात. शब्द टिकला, शहाणपण गेलं.

पण त्याच न्हाणीला छप्पर नव्हतं, कडी नव्हती. पोत्याचा पडदा नाहीतर कुडाचा आडोसा. बायकांनी अंघोळ करायची ती उजाडायच्या आत, नाहीतर पुरुष शेतावर गेल्यावर, आणि तीही अंगावरच्या कपड्यानिशी. हा काही पणजीच्या काळातला इतिहास नव्हे. २०११च्या जनगणनेत देशातल्या ग्रामीण भागातल्या ५५ टक्के घरांना अंघोळीची जागाच नव्हती, आणि आणखी साधारण २० टक्के घरांत होती ती बिनछपराची. २०१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीतही स्वतःचं न्हाणीघर असलेली गावातली घरं निम्मीच भरली. त्यामुळे 'जुनं ते सोनं' हे मला पुरुषांनी तरी सांगू नये. त्यांची अंघोळ विहिरीवर, उघड्यावर, गाणं म्हणत व्हायची.

२०१४ साली स्वच्छ भारत मिशन आलं. संडासासाठी १२ हजार रुपये मिळू लागले, गावोगाव संडास मोजले गेले. चांगलंच झालं, मी त्याविरुद्ध नाही. पण अंघोळ कुणी मोजली नाही. मग घरोघरी व्हायचं तेच झालं. संडासाचीच खोली फूटभर वाढवून तीच न्हाणीघर झाली, आणि अंघोळीचं पाणीही संडासाच्या खड्ड्यात सोडलं गेलं. इथे सगळं बिघडतं. दोन खड्ड्यांच्या संडासाची युक्ती अशी की एक खड्डा भरला की तो बंद करायचा, दुसरा सुरू करायचा, आणि पहिल्यातल्या मैल्याचं दीड-दोन वर्षांत कोरडं खत होऊ द्यायचं. त्यात रोजच्या अंघोळीच्या बादल्या ओतल्या तर पाणी जिरायला जागा उरत नाही आणि खड्डा वर्षभर डबडबलेला राहतो. मग लोक म्हणतात, "सरकारी संडास भरतोच!" अहो, भरणारच. खोली एक असायला हरकत नाही, पण पाइप दोन हवेत. मैल्याचा वेगळा, अंघोळीचा वेगळा.

जुन्या घरात हे करताना आणखी एक घात होतो. घर मातीचं, नाहीतर दगड-मातीचं. त्याच्याच भिंतीला टेकून, आतल्या बाजूला बाथरूम काढतात, वर सिमेंटचा गिलावा आणि टाईल्स. वरवर सगळं पक्कं दिसतं. पण मातीची भिंत ओल घेते आणि सोडते, ती श्वास घेणारी वस्तू आहे. सिमेंटने तिचं तोंड बंद केलं की ओल आतच कोंडते, वर चढते, पलीकडच्या खोलीत लोणा लागतो, आणि भिंतीचा पाया आतून भुसभुशीत होत जातो. शंभर वर्षं उभं राहिलेलं घर एका बाथरूमपायी खचायला लागतं. अशा घरात न्हाणीघर आपल्या स्वतःच्या पायावर, स्वतःच्या विटांच्या भिंतीत, मूळ भिंतीपासून थोडं सोडून बांधावं. परसदाराला लागून, पडवीच्या छपराखालून जाता येईल असं. रात्री-अपरात्री पावसात भिजायला नको, आणि भिंतही सुरक्षित.

आणि नवीन स्लॅबच्या घरात? तिथे जागा आहे, लोखंड आहे, सगळं आहे. नाही तो उतार. फुटाला पाव इंच उतार, तोही जाळीच्या दिशेने, एवढं साधं गणित. तरी निम्म्या बाथरूमांत पाणी दाराकडे धावतं. त्यावर उपाय म्हणून दारात चार इंचांचा उंबरा. टाईल्स लावण्याआधी खालच्या वॉटरप्रूफिंगवर पाणी भरून दिवसभर ठेवायचं आणि गळतं का बघायचं, तर "पाहुणे यायचेत, वेळ नाही". मग वरच्या मजल्यावरची अंघोळ खालच्या स्वयंपाकघराच्या छतावर उमटते.

या उंबऱ्याचं आणि गुळगुळीत टाईल्सचं मला फार लागलंय, त्याला कारण आहे. आमच्या नात्यातल्या एक मावशी अशाच चकचकीत फरशीवर साबणाच्या पाण्यात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. दार आत उघडणारं, त्याच्याआड त्या पडलेल्या, त्यामुळे दार तोडून काढावं लागलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. पण दार दोन फुटांचं, वॉकर आत जाईना, आणि वर तो उंबरा. आता घरात एवढं देखणं बाथरूम असताना त्यांची सून त्यांना परसात खुर्चीवर बसवून, दोरीवर चादर टाकून अंघोळ घालते. ज्या आडोशातून सुटायला उभा जन्म गेला, त्याच आडोशात म्हातारपणी परत! याला प्रगती म्हणायचं का?

"हे सगळं खर्चिक आहे" असं मला ऐकवलं जातं. साफ खोटं. उताराला पैसे पडत नाहीत. दार बाहेर उघडायला पैसे पडत नाहीत. अडीच-तीन फुटांचं दार दोन फुटांच्या दारापेक्षा किती महाग? खरबरीत शहाबादी फरशी डॉल्फिनवाल्या टाईल्सपेक्षा स्वस्तच पडते. भिंतीत एक दांडा ठोकून घ्या, हात धरायला. जाळीची खिडकी ठेवा, आणि गॅस गीझर बंद खोलीत बसवू नका. त्याच्या विषारी वायूला वास नसतो, माणूस आत गेला की बाहेर येत नाही.

राहिलं पाणी. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटरचा हिशेब आहे. पाच माणसांच्या घरात पावणेतीनशे लिटर. यातलं बहुतेक पाणी वापरून परत घराबाहेरच पडणार. नळ आला म्हणून आपण पेढे वाटले, पण आलेलं पाणी जाणार कुठे याचा विचार केला नाही, तर तेच पाणी दारात डास होऊन उभं राहतं. आपल्याच राज्यात, नांदेड जिल्ह्यात, घरोघरी शोषखड्डे घेऊन गटारी कोरड्या करून दाखवल्यात. चारेक फुटांचा खड्डा, त्यात भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-गोटे. नाहीतर आजीची केळ आहेच. काळ्या चिकण मातीत पाणी लवकर जिरत नाही, तिथे खड्ड्यापेक्षा केळ-अळूच बरी.

पण खरी अडचण पैशांची नाहीच. खरी अडचण ही की घर कसं असावं हे गवंडी आणि घरातले पुरुष ओट्यावर बसून ठरवतात. ज्या बाईला त्या खोलीत लेकरं न्हाऊ घालायची, सासूला बसवायचं, बाळंतिणीला शेकायचं आणि धुणंही धुवायचं, तिला कुणी विचारत नाही. तिला विचारलं तर ती डॉल्फिन मागणार नाही. ती बसायला दगड मागेल, आतून लागणारी कडी मागेल आणि पाय घसरू नये एवढं मागेल.

तेव्हा मंडळी, तुमच्यापैकी कुणाचं गावाकडे बांधकाम निघणार असेल तर दिवाणखाना नंतर आखा. आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला जागेवर घेऊन जा, बादलीभर पाणी ओता, ते कुठे वाहतं बघा, आणि तिला विचारा, "न्हाणी कुठे हवी?" ती दाखवेल तिथे पहिली फक्की पडू द्या.