प्रकाशाचे रसायन आणि डोंबिवलीचा प्रश्न

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले आणि दोन्ही वेळी अनेकांचे प्राण गेले. अशा दुर्घटनेनंतर वाद होतो तो एकच: कारखाने हलवावेत की ठेवावेत? हलवले तर ठाणे-कल्याण परिसरातील कामगारांची रोजी जाते, ठेवले तर वस्तीच्या जिवाला घोर. ज्या रीतीने माल तयार होतो ती रीतच बदलता येईल काय, हा तिसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

रसायनउद्योगात रीत बदलणे म्हणजे पुष्कळदा उत्प्रेरक बदलणे. उत्प्रेरक स्वतः खर्ची न पडता अभिक्रियेचा वेग वाढवितो. तो योग्य लाभला, तर तीच अभिक्रिया कमी तापमानात व कमी दाबाखाली घडू शकते आणि टाकाऊ द्रव्येही कमी निघतात. घन उत्प्रेरकाचे कार्य त्याच्या पृष्ठभागावर चालते. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग अवघा ६ चौरस सेंटिमीटर; त्याचेच १० नॅनोमीटर बाजूचे कण केले तर तो ६०० चौरस मीटर होतो. धातूंच्या ऑक्साइडांचे उत्प्रेरक बहुधा भट्टीत तापवून सिद्ध करतात. पण अति उष्णतेने कण एकमेकांस चिकटून मोठे होतात. म्हणजे इंधनही जाते आणि कमावलेला पृष्ठभागही.

येथे प्रकाशाचे साहाय्य घेता येते. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोह, कोबाल्ट व निकेल यांच्या सेंद्रिय संयुगांचा पातळ लेप काचेवर देऊन त्यावर अतिनील किरण सोडले. सेंद्रिय भाग तुटून निघून गेला आणि भट्टीवाचून मिश्र ऑक्साइडाचा थर उरला. विजेच्या साहाय्याने पाण्यातून ऑक्सिजन मुक्त करण्याच्या कामी तो मौल्यवान धातूंच्या ऑक्साइडांच्या तोडीचा ठरला.

तथापि, एवढ्यावरून डोंबिवलीची हवा उद्या निवळेल असे म्हणणे ही फसवणूक होईल. तो प्रयोग पाण्याच्या विघटनाचा होता, रंग वा औषधांच्या निर्मितीचा नव्हे. प्रकाश पदार्थात खोलवर शिरत नाही. त्यामुळे पातळ थर देणे आणि टनावारी माल काढणे यांत मोठे अंतर आहे. अतिनील दिव्यांनाही वीज लागतेच.

हे अंतर तोडण्याचा खर्च कोणी करावयाचा, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. नवा उत्प्रेरक फसला तर तोटा एकट्या लहान कारखानदाराचा. साधला तर शेजारच्या वस्तीला होणारा लाभ त्याच्या खतावणीत कोठेच जमा होत नाही. अशा स्थितीत तो जुनीच रीत चालवील, यात नवल नाही. सांडपाण्याच्या बाबतीत ही अडचण ओळखूनच सामायिक प्रक्रिया केंद्रे उभारली गेली. घाण निर्माण झाल्यावर जे तत्त्व मान्य होते, ते ती निर्माण होण्यापूर्वी का लागू करू नये? पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था या परिसरापासून फार दूर नाहीत. त्यांच्या मार्गदर्शनाखाली शासन व कारखानदार यांच्या समान वाट्याने एक सामायिक प्रायोगिक संयंत्र उभे राहिले, तर अशा उत्प्रेरकांची परीक्षा वस्तीबाहेर, सुरक्षितपणे आणि एकट्यादुकट्याचे दिवाळे न काढता करता येईल.

स्थलांतर आवश्यक असेल तेथे ते व्हावेच. परंतु रीत तीच ठेवून केवळ पत्ता बदलला, तर डोंबिवलीचा धोका उद्या दुसऱ्या एखाद्या गावाच्या वाट्याला जाईल.