बाभळीला लोखंडी स्क्रू नको



स्टेनलेस स्टीलचे कोच स्क्रू समुद्रकाठीच हवेत, हिंगोलीच्या कोरड्या हवेत लोखंडी चालतात, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे अर्धेच खरे आहे. प्रश्न हवेपेक्षा लाकडाचा आहे. बाभळीत टॅनिन भरपूर. पावसाळ्यात ओल शिरली की ते लोखंड खाते, स्क्रूभोवती काळा डाग पडतो आणि पुढे फाटकाची बिजागरी ढिली होते. म्हणून इथेही स्टेनलेसच हवा; आपल्याकडे त्याचा ३०४ ग्रेड पुरे. महागडा ३१६ कोकणासाठी. मात्र घाईने पिळला तर स्टेनलेसही तुटतो. १० मिमीच्या स्क्रूला आधी ७ मिमीचे भोक पाडावे, आट्यांना साबण चोळावा आणि वॉशर घालून पान्यानेच आवळावे.

– एक वाचक, वसमत