भीती नव्हे, हिशेब

हिटलरच्या राजवटीत ज्यूंचा संहार चालू असता जर्मनीतील चर्च गप्प राहिले ते भीतीपोटी, असे पुरोगामी अभ्यासवर्गांतून सर्रास सांगितले जाते. हे स्पष्टीकरण सोयीचे आहे, खरे नाही. 1933 मध्ये पाद्री मार्टिन निमोलर यांनी संघटना उभारली ती ज्यू वंशाच्या ख्रिस्ती पाद्र्यांना चर्चमधून काढू नये म्हणून. बाप्तिस्मा न घेतलेला ज्यू तिच्या हिशेबात नव्हता. 1934 च्या बार्मेन जाहीरनाम्याने चर्चवरील राज्यसत्तेची हुकमत नाकारली, परंतु ज्यूंविषयी त्यात अवाक्षर नाही. ऑगस्ट 1941 मध्ये म्युन्स्टरचे बिशप गालेन यांनी मनोरुग्णांच्या सरकारी हत्येचा प्रवचनपीठावरून जाहीर धिक्कार केला. त्याच महिन्यात हिटलरला ती योजना निदान उघडपणे थांबवावी लागली. बिशप सुरक्षित राहिले (प्रवचनाच्या प्रती वाटणाऱ्यांना मात्र शिक्षा भोगाव्या लागल्या!). म्हणजे आवाजात बळ होते. दोनच महिन्यांनी जर्मन ज्यूंना भरून गाड्या पूर्वेकडे निघाल्या, तेव्हा ते बळ कोठे गेले? बर्लिनमध्ये ज्यूंसाठी उघड प्रार्थना करणारे लिख्टेनबर्ग यांच्यासारखे धर्मगुरू निघाले, पण एकेकटे.

हा हिशेब मराठवाड्याला परका नाही. येथे तर सत्ता लोकांनी निवडून दिलेली होती. भीतीची सबब आणखीच लंगडी. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. निजामाशी लढलेले गोविंदभाई श्रॉफ व अनंतराव भालेराव नामांतराच्या विरोधात उभे राहिले. कारण सांगितले गेले प्रादेशिक अस्मितेचे. जणू जळत्या झोपडीतला मजूर मराठवाड्याचा नव्हताच. सरकारात जनता पक्ष होता, जनता पक्षात समाजवादी होते. एस. एम. जोशी नामांतराच्या बाजूने उभे राहिले, हे खरे. पण नांदेडपासून लातूरपर्यंत शेतमजुराच्या रोजगाराचा प्रश्न हिरिरीने मांडणारा कार्यकर्ता, त्याच मजुराच्या जातीचा प्रश्न निघताच 'वातावरण निवळू द्या' म्हणू लागला, त्याचे काय? वातावरण निवळायला 14 जानेवारी 1994 उजाडला, आणि तेव्हाही नामांतर नव्हे, नामविस्तार पदरात पडला.

ऑक्टोबर 1945 मध्ये जर्मन प्रॉटेस्टंट चर्चने श्टुटगार्ट येथे आपल्या अपराधाची कबुली दिली. तिच्यातही ज्यूंचा उल्लेख नाही. नांदेड-लातूरच्या शाखांनी 1978 ची आपली इतिवृत्ते कपाटातून काढून वाचावीत. पोचिराम कांबळे हे नाव त्यांत आहे काय?