बुजवलेले भगदाड

दूरच्या संगणकात सुरक्षितपणे प्रवेश करता यावा म्हणून जगभरचे व्यवस्थापक ज्या ‘ओपनएसएसएच’ प्रणालीचा आश्रय घेतात, तिच्यातील एक गंभीर दोष ‘क्वालिस’ या कंपनीच्या संशोधकांनी १ जुलै २०२४ रोजी उजेडात आणला. लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रात परवलीचा शब्द न देताच शिरून ‘रूट’चे, म्हणजे सर्वाधिकाऱ्याचे, अधिकार बळकावणे त्यामुळे शक्य झाले होते. ज्याला दाराशी थोपवावयाचे, त्याच्याच हाती तिजोरीच्या किल्ल्या!

आगंतुकाने आपली ओळख पटवावी म्हणून ही प्रणाली एरवी १२० सेकंदांची मुदत देते. ती संपताच, चालू काम अर्धवट टाकून नोंद करण्याचा आदेश सुटतो. त्या क्षणी स्मृतीची मांडणी अपुरी असेल, तर तो गोंधळ हल्लेखोराच्या पथ्यावर पडतो. आणि हा भाग पूर्ण अधिकारानिशी चालत असल्याने सारे यंत्रच त्याच्या हाती जाते. ३२-बिट यंत्रावर हा क्षण साधण्यास संशोधकांना सरासरी १०,००० प्रयत्न लागले. यंत्राच्या वेगाने हा काही तासांचाच खेळ!

परंतु खरा बोध आहे तो पूर्वेतिहासात. हाच दोष २००६ साली सापडला होता आणि बुजवलाही गेला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये फेरबदल करताना संरक्षणाची एक अट अनवधानाने गळली आणि मार्च २०२१ च्या आवृत्तीबरोबर जुने भगदाड पुन्हा उघडे पडले. बांध कशासाठी घातला होता याचे विस्मरण झाले, की तो अडगळ म्हणून काढला जातो. दुरुस्तीइतकेच तिच्या कारणाचे जतन आणि तिची वारंवार परीक्षा महत्त्वाची आहे, हे केवळ संगणकशास्त्राचे नव्हे, कोणत्याही कारभाराचे सूत्र होय.

फुकट मिळणाऱ्या वस्तूचे हे असेच व्हावयाचे, असे काही जण म्हणतील. ते आम्हांस मान्य नाही. प्रणालीचा मजकूर सर्वांस खुला होता, म्हणूनच त्रयस्थांना तो बारकाईने तपासता आला. आणि निर्मात्यांनी सुधारित आवृत्ती त्याच दिवशी उपलब्ध करून दिली. पुढची जबाबदारी वापरणाऱ्यांची. ज्या बँका, रुग्णालये व महापालिका नागरिकांची माहिती अशा यंत्रांवर सांभाळतात, त्यांनी सुधारणा तत्काळ बसवणे हे सौजन्य नव्हे, कर्तव्य आहे. कुलूप दुरुस्त करणारा दारी येऊन उभा असता त्याला ‘उद्या या’ म्हणणाऱ्याने चोराला दोष देण्यात काय अर्थ?