उजवा हात कोणाचा?

बँकेच्या लिपिकपदाच्या पूर्व परीक्षेत तर्कशक्तीचे ३५ प्रश्न आणि वेळ अवघी २० मिनिटे! चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या पाव हिश्शाचे गुण कापले जातात, ते वेगळेच. वयाची अट सर्वसाधारण उमेदवाराला २८ वर्षांची, म्हणजे संधीही मोजक्याच. अशा परीक्षेत एकाच कोड्यावर पाच पाच प्रश्न येतात आणि ते कोडे फसले, की पाचही प्रश्न हातचे जातात. गोल टेबलाभोवती बसलेल्या आठ माणसांचे कोडे त्यातलेच. सगळ्यांची तोंडे केंद्राकडे असली, तर थोड्या सरावाने ते जमते. पण काहींची तोंडे आत, काहींची बाहेर म्हटले, की हुशार मुलींचीही गाडी अडते.

अडते ती गणितामुळे नव्हे. कागदाची उजवी बाजू आणि वर्तुळात बसलेल्या माणसाचा उजवा हात या दोन गोष्टी आपण नकळत एकच धरतो, तिथे घोटाळा होतो.

भोंडल्याचा फेर डोळ्यांपुढे आणा. मध्ये पाटावर हत्ती, भोवती मुली, सगळ्यांची तोंडे हत्तीकडे. कोणत्याही मुलीच्या डाव्या हाताकडे निघालात, तर तुम्ही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाता. उजव्या हाताकडे निघालात, तर उलट दिशेने. आता त्यातल्या एकीने जागा न सोडता हत्तीकडे पाठ केली. शेजारणी त्याच राहिल्या, पण डावीकडची उजवीकडे गेली आणि उजवीकडची डावीकडे! सगळे मर्म एवढेच आहे. तोंड आत असेल तर डावा हात काट्यांसोबत, तोंड बाहेर असेल तर उजवा हात काट्यांसोबत.

आणि हा हात कोणाचा? ‘बकुळ चारूच्या उजवीकडे आहे’ या वाक्यात हात चारूचा. बकुळचे तोंड कुठेही असो, त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. मराठीत ‘च्या’ हा प्रत्यय ज्याला लागतो, त्याचाच हात धरायचा. लिपिक भरतीची परीक्षा इंग्रजी-हिंदीखेरीज १३ प्रादेशिक भाषांत घेण्याचा निर्णय २०२१ साली झाला आणि त्यांत मराठीही आहे. तेव्हा या ‘च्या’चा फायदा आपल्या मुलींनी जरूर घ्यावा.

आता सहा जणींचे एक छोटे कोडे सोडवून पाहू. तिघींची तोंडे केंद्राकडे, तिघींची बाहेर. आशाचे तोंड केंद्राकडे आहे. चारू आशाच्या डावीकडे दुसरी. दीपा चारूच्या बरोबर समोर. बकुळ चारूच्या उजवीकडे लगेचची. गौरी आशाची शेजारीण. इला दीपाच्या डावीकडे लगेचची आणि दीपा बकुळच्या उजवीकडे दुसरी.

घड्याळाची तबकडी काढा आणि १२, २, ४, ६, ८, १० या सहा जागा धरा. आशाला १२ वर बसवा. तिचे तोंड आत, म्हणून डावीकडे दुसरी म्हणजे ४, तिथे चारू. तिच्या समोर १० वर दीपा. बकुळ मात्र २ वर की ६ वर? चारूचे तोंड आत असेल तर २, बाहेर असेल तर ६. इथेच बहुतेक जणी घाई करतात. काही सांगितले नाही, म्हणजे तोंड आतच असणार, असे मनाशी ठरवून पुढे जातात. तसे करू नका. दोन वर्तुळे शेजारी शेजारी काढा, एकात बकुळ २ वर आणि दुसऱ्यात ६ वर.

गौरी आशाच्या शेजारी हवी. १० वर दीपा आहे, उरली २ ची जागा. पहिल्या वर्तुळात ती बकुळने अडवली आहे, म्हणून त्यावर सरळ काट मारा. म्हणजे गौरी २ वर, बकुळ ६ वर आणि चारूचे तोंड बाहेर. इला उरलेल्या ८ वर. दीपाला १० वरून डावीकडे ८ सापडते, म्हणजे तिचा डावा हात काट्यांच्या उलट, तोंड बाहेर. बकुळला ६ वरून उजवीकडे दुसरी १० वरची दीपा सापडते, म्हणजे उजवा हात काट्यांसोबत. तिचेही तोंड बाहेर. बाहेर पाहणाऱ्या तिघी झाल्या. आशा, गौरी आणि इला आपोआप आत!

दोन शब्द मात्र जपून वाचावेत. ‘समोर’ म्हणजे वर्तुळाच्या दुसऱ्या टोकाला, मग तिची पाठ का असेना. आणि ‘दोघींची तोंडे एकाच दिशेला’ म्हणजे दोघीही आत किंवा दोघीही बाहेर. पूर्व-पश्चिमेचा इथे संबंध नाही. वास्तविक समोरासमोर बसून आत पाहणाऱ्या दोघी विरुद्ध दिशांना पाहत असतात, पण परीक्षेची भाषा आपली चालते तशीच!

घरी सरावासाठी ताटाभोवती वाट्या मांडा आणि प्रत्येक वाटीजवळ आगपेटीची एक काडी ठेवा, गुल तोंडाच्या दिशेला. चार-पाच दिवसांत काड्यांची गरज उरत नाही, कागदावरचा छोटा बाण पुरतो. परीक्षेत हे कोडे सुरुवातीलाच घेऊ नये, असे आमचे मत आहे. आधी सुटे प्रश्न उरकावेत. आणि चार-पाच मिनिटांत वर्तुळ भरले नाही, तर ते तसेच सोडून पुढे जावे. अंदाजाने पाच खुणा करून पाच ठिकाणी गुण कापून घेण्यापेक्षा ते बरे.

आता वरच्या वर्तुळात दीपाच्या उजवीकडे दुसरी कोण, ते सांगा बरे! आशा म्हणालात तर फक्त एकच जागा मोजलीत, बकुळ म्हणालात तर दीपाचे तोंड विसरलात. तिथे गौरी आहे.